दोन कार्डं जोडली, तरी कॉपी ११२ वरच का अडते?

प्रश्न असा आहे: दोन लिनक्स मशीन, एक रोजच्या कामाचं आणि दुसरं फाइली साठवण्याचं. दोन्हींत गिगाबिटची दोन-दोन कार्डं, मध्ये मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच, चार केबली, दोन्ही मशीनवर आणि स्विचवर एलएसीपी (अनेक तारा मिळून एक जोडणी करायची बोली). बॉन्ड, म्हणजे ही जोडून एक केलेली कार्डं, स्वतःचा वेग २००० मेगाबिट सांगतो. पण एनएफएसवरून (नेटवर्कवरून फाइली देण्या-घेण्याची पद्धत) मोठी फाइल कॉपी करायला घेतली की आकडा सेकंदाला ११२ मेगाबाइटच्या पुढे सरकत नाही. केबली बदलून झाल्या, ड्रायव्हर बदलून झाले. चुकतंय कुठे?

कुठेच नाही. तुमचा बॉन्ड नीट लागलेला आहे आणि ठरल्याप्रमाणेच वागतो आहे. घोळ त्या २००० च्या आकड्यात आहे. तो खोटा नाही, पण तो सगळ्या कनेक्शनांचा मिळून आहे. एका कनेक्शनच्या वाट्याला त्यातले १०००च येतात. हे एकदा नीट कळलं की बाकीचं त्यातूनच उलगडतं, म्हणून आधी त्यावर जरा वेळ घालवतो.

तुमचा ११२ हा आकडाच बघा, तो बरंच सांगून जातो. गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२.५ कोटी बाइट. १५०० बाइटचं एक पॅकेट तारेवर मात्र १५३८ बाइटांची जागा खातं, कारण इथरनेटचं शीर्षक, तपासणीचे बाइट, सुरुवातीची खूण आणि दोन पॅकेटांमधलं सक्तीचं अंतर मिळून ३८ बाइट वर लागतात. त्या १५०० मधले ४० आयपी (पत्ता लावणारा प्रोटोकॉल) आणि टीसीपी (डेटा क्रमाने पोचवणारा प्रोटोकॉल) यांच्या शीर्षकांचे, आणखी १२ टीसीपीच्या वेळेच्या शिक्क्याचे. तुमच्या फाइलचे उरले १४४८. १४४८ भागिले १५३८, म्हणजे साधारण ९४ टक्के. सेकंदाला ११.७७ कोटी बाइट. कॉपी दाखवणारे बरेच प्रोग्रॅम मेगाबाइट १०२४ च्या हिशेबाने मोजतात; त्या हिशेबात हे बरोबर ११२ होतात. म्हणजे तुमची एक तार काठोकाठ भरून वाहते आहे आणि दुसरी कोरडी पडली आहे. केबल किंवा ड्रायव्हर खराब असते तर आकडा असा नेमक्या कमाल मर्यादेवर येऊन थांबला नसता.

दुसरी तार कोरडी का? कारण एका कनेक्शनची पॅकेटं दोन तारांवर वाटायची नाहीत, असंच या व्यवस्थेचं मूळ धोरण आहे. लिंक जोडणीचं मानक २००० साली ८०२.३एडी या नावाने आलं आणि २००८ मध्ये ८०२.१एएक्स या नावाखाली गेलं. त्यात पॅकेटांचा क्रम जपणं हीच मुख्य अट आहे. दोन तारांवर आळीपाळीने पॅकेटं सोडली तर पाठवताना क्रम बरोबर असतो, पण पलीकडे पोचताना तो टिकेलच असं नाही. एका कार्डाची रांग किंचित लांब असते, दुसऱ्याचा इंटरप्ट किंचित उशिरा येतो, आणि सातवं पॅकेट सहाव्याच्या आधी पोचतं. टीसीपीला हे आवडत नाही. मधलं पॅकेट दिसलं नाही की घेणारा तीच पोच पुन्हा पुन्हा पाठवतो, आणि अशा तीन दुबार पोचा आल्या की पाठवणारा समजतो पॅकेट हरवलं. तो ते पुन्हा पाठवतो आणि वर वेगही कमी करतो. हरवलेलं काहीच नसतं, नुसतं मागे-पुढे झालेलं असतं.

हे टाळायला बॉन्ड एक सरळ युक्ती करतो. प्रत्येक पॅकेटातले काही पत्ते घेऊन त्यांचा हॅश, म्हणजे ठरीव सूत्राने एक आकडा, काढतो, त्याला तारांच्या संख्येने भागतो आणि जी बाकी उरेल त्या तारेवर पॅकेट सोडतो. एका कनेक्शनचे पत्ते बदलत नाहीत, म्हणून हॅश बदलत नाही, म्हणून तार बदलत नाही. क्रम शाबूत राहतो. आणि तुमची कॉपी एकाच तारेवर बसून राहते.

आता हॅश कशाचा काढायचा हे तुमच्या हातात असतं, आणि इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. लिनक्सच्या बॉन्डिंगमध्ये मुळात लागून येणारी पद्धत लेअर२ ही आहे: दोन्ही टोकांच्या मॅक पत्त्यांचा (कार्डाच्या स्वतःच्या पत्त्यांचा) शेवटचा बाइट घ्यायचा, त्यांचा आणि पॅकेटच्या प्रकाराचा एक्सॉर (बिटाला बिट ताडून काढलेला आकडा) करायचा, झालं. दोनच मशीन एकमेकांशी बोलत असतील तर मॅक पत्त्यांची जोडी कायम तीच. मग तुम्ही एक फाइल कॉपी करा की एकदम वीस, सगळ्या एकाच तारेवरून जाणार. मध्ये राउटर असेल तरी तेच, कारण मग प्रत्येक पॅकेटवर पलीकडचा मॅक पत्ता राउटरचाच असतो.

या पद्धतीने मला एकदा चांगलंच फिरवलं होतं. एका सर्व्हरला चार तारा आणि समोर डझनभर मशीन, म्हणजे वाटप तरी बरं व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात दोन तारा कायम कोरड्या. दोन दिवस स्विचला शिव्या दिल्यावर लक्षात आलं की त्या सगळ्या मशीनमध्ये एकाच खोक्यातून आलेली दोन पोर्टांची कार्डं होती आणि प्रत्येकात पहिलंच पोर्ट वापरात होतं. पहिल्या पोर्टाचा मॅक पत्ता सम, दुसऱ्याचा विषम. सगळी मशीन सम! एक्सॉरचा शेवटचा बिट सगळ्यांचा सारखाच, त्यामुळे चारपैकी दोनच बाक्या शक्य होत्या. हॅशमध्ये आयपी पत्ते घेतल्यावर पाच मिनिटांत प्रश्न मिटला.

लेअर२+३ पद्धतीत आयपी पत्तेही येतात, लेअर३+४ मध्ये टीसीपीचे पोर्ट क्रमांकही (कार्डावरची पोर्टं नव्हेत, प्रत्येक कनेक्शन ओळखायचे आकडे). तुमच्यासारख्या दोन मशीनच्या जोडीला तिसरीच कामाची, कारण तिथे बदलतात ते फक्त पोर्ट क्रमांक. (काटेकोर बोलायचं तर लेअर३+४ मानकात पूर्ण बसत नाही. तुकडे झालेल्या पॅकेटांच्या पुढच्या तुकड्यांत पोर्ट क्रमांक नसतो, त्यामुळे क्रम क्वचित बिघडू शकतो. टीसीपीत तुकडे सहसा होतच नाहीत, तेव्हा मी याची फिकीर करणं कधीच सोडलं आहे.)

पण लक्षात ठेवा, तुमचं मशीन फक्त बाहेर जाणाऱ्या पॅकेटांची तार ठरवतं. तुमच्याकडे येणारी पॅकेटं कोणत्या तारेवर टाकायची ते स्विच ठरवतो, स्वतःच्या हॅशने. तुम्ही लिनक्सवर काहीही लिहा, स्विचला त्याचा पत्ताही नसतो. स्वस्तातले बरेच मॅनेज्ड स्विच फक्त मॅकवर, फार तर आयपीवर हॅश करतात. म्हणजे साठवणुकीच्या मशीनमधून डेटा दोन्ही तारांनी ऐटीत निघतो, स्विचपर्यंत येतो, आणि स्विच तो सगळा तुमच्या एकाच तारेत कोंबतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सर्व्हर मंद आहे.

हॅश उत्तम असला तरी तो शेवटी फाशांचा खेळ आहे. दोन तारा आणि दोन कनेक्शनं असतील तर दोन्ही एकाच तारेवर पडण्याची शक्यता निम्मी. चार तारा आणि चार कनेक्शनं असतील तर चारही वेगवेगळ्या तारांवर पडण्याची शक्यता २५६ मध्ये २४, म्हणजे दहा टक्क्यांहून कमी; सरासरीने २.७ तारा वापरात येतात. कनेक्शनं शंभरावर गेली की वाटप बऱ्यापैकी समतोल होतं. म्हणून बॉन्डचा खरा संसार एक सर्व्हर आणि पुष्कळ मशीन असा आहे. तिथे तो उत्तम चालतो, आणि एखादी केबल उपटली तरी कुणाला कळतसुद्धा नाही. नुसत्या या दुसऱ्या गुणासाठीही मी सर्व्हरला दोन तारा लावतो. वेग नकोच असेल, फक्त एक तार तुटली तर दुसरी हजर हवी असेल, तर बॉन्डचा अॅक्टिव्ह-बॅकअप हा मोड वापरा. त्याला स्विचवर काहीच करावं लागत नाही.

आता तुमचा मूळ हट्ट: एकच कॉपी, दुप्पट वेगाने.

एक वाट जुनी आणि धडाडीची आहे. बॉन्डचा पहिलाच मोड, बॅलन्स-आरआर. आळीपाळीने एक पॅकेट या तारेवर, एक त्या तारेवर. सगळ्या मोडांमध्ये एकाच कनेक्शनला एका तारेहून जास्त वेग देणारा हाच. याचा इतिहासही मजेशीर आहे. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ४८६ डीएक्स४ प्रोसेसरच्या १६ साध्या संगणकांचा बेओवुल्फ हा समूह बांधला. तेव्हाचं १० मेगाबिटचं इथरनेट प्रोसेसरांना पुरेना, म्हणून त्यांनी प्रत्येक मशीनला एकाहून जास्त तारा लावून पॅकेटं वाटून दिली. आजच्या बॉन्डिंगचं मूळ त्या खटाटोपात आहे. म्हणजे ही कल्पना मुळात दोन मशीनमधला वेग वाढवण्यासाठीच निघाली होती. क्रम जपणारं मानक नंतर आलं.

पण त्यांच्याकडे प्रत्येक तारेचं जाळं वेगळं होतं, आणि ही गोष्ट सगळे विसरतात. तुम्ही बॅलन्स-आरआर लावून दोन्ही तारा एकाच स्विचमध्ये खोचल्या आणि स्विचवर पोर्ट जोडले, तर तुमच्याकडून पॅकेटं आळीपाळीने जातील, पण स्विच पलीकडे देताना हॅशच करणार. पुन्हा एकच तार. पोर्ट न जोडता नुसत्या खोचल्या तर स्विचला एकच मॅक पत्ता कधी या पोर्टावर, कधी त्या पोर्टावर दिसतो आणि तो बिचारा आपला पत्त्यांचा तक्ता सेकंदाला हजारो वेळा खोडून लिहीत बसतो. म्हणून बॅलन्स-आरआर वापरायचं तर दोनच रस्ते: मशीन ते मशीन थेट केबली, किंवा प्रत्येक तारेला स्वतंत्र स्विच किंवा स्वतंत्र व्हीलॅन (एकाच स्विचमध्ये वेगळं काढलेलं जाळं). गिगाबिटला उलट्या जोडणीची वेगळी केबल लागत नाही, कोणतीही साधी केबल थेट चालते.

आणि मग वर सांगितलेलं क्रमाचं दुखणं येतंच. लिनक्समध्ये टीसीपी_रीऑर्डरिंग नावाची एक सेटिंग आहे, मुळात ३. ती वाढवली की टीसीपी थोडी जास्त कळ काढतं. हल्लीचे कर्नल (लिनक्सचा गाभा) ती गरजेप्रमाणे आपणहून वाढवतातही. तरीही पूर्ण दुप्पट विसरा. दोन तारांवर मला दीडपट ते पावणेदोनपट मिळालेलं आहे. तारा वाढवाल तसा हिशेब आणखी बिघडतो: बॉन्डिंगच्या जुन्या अधिकृत दस्तऐवजातच लिहिलेलं होतं की चार तारांच्या बॅलन्स-आरआरवर एका टीसीपी कनेक्शनला साधारण २.३ तारांइतकाच वेग मिळतो. मी हा मोड प्रयोगापुरता लावतो, रोजच्या कामाला ठेवत नाही. नेटवर्कमध्ये काही बिनसलं की पहिला संशय त्याच्यावरच जातो आणि बहुतेक वेळा तो खरा ठरतो.

दुसरी वाट शहाणपणाची. बॉन्डला एक कनेक्शन फोडता येत नाही ना, मग कनेक्शनंच अनेक करा. हे काम वरच्या थराने, म्हणजे फाइल देणाऱ्या-घेणाऱ्या प्रोटोकॉलने करायचं. त्याला फाइलचा कोणता तुकडा कुठे बसतो हे माहीत असतं, त्यामुळे प्रत्येक कनेक्शन आपापल्या तारेवर क्रमाने चालतं आणि सगळे तुकडे पलीकडे नीट जुळतात. टीसीपीची समजूत काढत बसावं लागत नाही.

तुम्ही एनएफएसवर आहात, तेव्हा तुमच्यासाठी एनकनेक्ट. २०१९ च्या ५.३ कर्नलपासून माउंट करताना, म्हणजे सर्व्हरचं फोल्डर आपल्या मशीनला जोडताना, हा पर्याय देता येतो आणि एकाच सर्व्हरशी १६ पर्यंत टीसीपी कनेक्शनं उघडता येतात. मागण्या त्यांच्यात वाटल्या जातात. आठ कनेक्शनं ठेवली आणि हॅश लेअर३+४ असला तर आठही एकाच तारेवर पडण्याची शक्यता १२८ मध्ये एक. अर्थात बरोबर चार-चारच पडतील असंही नाही. कधी पाच-तीन, कधी सहा-दोन, आणि मग आकडा दुपटीच्या थोडा खाली राहतो. पडलेलं वाटप फारच एकांगी निघालं तर अनमाउंट करून पुन्हा माउंट करायचं, पोर्ट क्रमांक बदलले की फासे पुन्हा पडतात. एक फसवी गोष्ट सांगून ठेवतो: त्याच सर्व्हरचा दुसरा माउंट आधीपासून चालू असेल तर नवा माउंट त्याचीच कनेक्शनं वापरतो आणि तुमचा एनकनेक्टचा आकडा गुपचूप सोडून देतो. आधी सगळे माउंट काढा, मग एनकनेक्टसह पहिला माउंट करा.

पलीकडे विंडोज असेल तर एसएमबी (विंडोजची फाइली देण्या-घेण्याची पद्धत) मल्टिचॅनेल. हे एसएमबी ३.० बरोबर, म्हणजे विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून आलं. इथे बॉन्ड करूच नका. दोन्ही मशीनच्या कार्डांना वेगवेगळ्या सबनेटचे (आयपी पत्त्यांच्या गटाचे) पत्ते द्या, दोन्ही बाजू आपणहून एकमेकांची सगळी कार्डं हुडकतात आणि एकच कॉपी दोन्हींवर वाटतात. सांबामध्ये (लिनक्सवरचा एसएमबी सर्व्हर) ही सोय बरीच वर्षं प्रायोगिक होती, ४.१५ पासून ती मुळातच चालू असते. लिनक्समधून एसएमबी माउंट करत असाल तर मल्टिचॅनेलचा पर्याय हाताने द्यावा लागतो. विंडोजच्या घरगुती आवृत्त्यांवर कार्डं जोडायची सोय शोधत बसू नका. टीमिंग हे सर्व्हर आवृत्त्यांचं काम आहे, आणि मल्टिचॅनेल असताना त्याची गरजही पडत नाही.

आयएससीएसआय (नेटवर्कवरून डिस्कच जोडण्याची पद्धत) असेल तर मल्टिपाथ (एका डिस्ककडे अनेक वाटा), तिथेही बॉन्ड नको. तत्त्व तेच.

सबनेटवरून आठवलं. पुष्कळ जण एलएसीपीच्या भानगडीत न पडता दोन्ही कार्डांना एकाच सबनेटमधले दोन पत्ते देतात आणि मशीन आता दोन्ही वापरेल अशी वाट बघत बसतात. लिनक्सवर तसं होत नाही. रूटिंग टेबलमध्ये त्या सबनेटच्या दोन नोंदी होतात आणि बाहेर जाणारी पॅकेटं सगळी एकाच नोंदीने जातात. वर लिनक्स पत्ता हा कार्डाचा नव्हे, मशीनचा मानतं, त्यामुळे दुसऱ्या कार्डाच्या पत्त्याबद्दल कुणी एआरपीने (हा आयपी पत्ता कोणत्या मॅकचा, ही हाक) विचारलं तर पहिलं कार्डही बिनदिक्कत ‘मीच तो’ म्हणून उत्तर देतं. येणारं काय आणि जाणारं काय, सगळं कोणत्या तारेवर चाललंय ते कळेनासं होतं. वेगळी कार्डं तर वेगळे सबनेट, एवढं पथ्य पाळा.

आता तिसरी वाट. तिची शिफारस मी सगळ्यात जास्त वेळा केली आहे, आणि प्रश्न विचारणाऱ्याला ती सगळ्यात कमी आवडते. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? दोनच मशीनमध्ये एकाच कॉपीला वेग हवा असेल तर गिगाबिटची कार्डं जोडत बसण्यापेक्षा एक जास्त वेगाचं कार्ड लावा. २.५ गिगाबिटचं मानक, ८०२.३बीझेड, २०१६ मध्ये आलं ते मुळी भिंतींत आधीच घातलेल्या केबलींवर चालावं म्हणूनच. साध्या कॅट ५ई केबलवर ते १०० मीटरपर्यंत जातं. एक तार, एक कनेक्शन, अडीचपट वेग, हॅश नाही, फासे नाहीत. १० गिगाबिट हवं असेल आणि मशीन शेजारी-शेजारी असतील तर एसएफपी+ ची (प्लग घालायच्या खाचेची) दोन कार्डं आणि दोन्ही टोकांना प्लग असलेली छोटी तांब्याची थेट केबल, बस्स. स्विचही लागत नाही. तांब्याच्या साध्या जोडणीवर १० गिगाबिट न्यायचं तर कॅट ६ वर ५५ मीटर आणि कॅट ६ए वर १०० मीटर ही मर्यादा धरा, आणि ती कार्डं बऱ्यापैकी तापतात हेही धरा. चार गिगाबिट तारा जोडून कितीही नशीब लावलंत तरी एका कॉपीला १० गिगाबिटच्या एका तारेची सर येत नाही.

पण काहीही करण्याआधी अडचण खरंच तारेत आहे का ते मोजा. तुमच्या बाबतीत आकडा नेमका मर्यादेवर आहे म्हणून मी तारेकडे बोट दाखवलं. ८० किंवा ९० असता तर आधी डिस्क विचारली असती. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी फिरती डिस्क सलग मोठी फाइल सेकंदाला १५० ते २५० मेगाबाइटने वाचते. लहान लहान फाइली असतील तर त्याच्या कैक पट खाली जाते. म्हणजे साठवणुकीच्या मशीनमध्ये तशी एकच डिस्क असेल तर दोन तारांचे २२४ तिला झेपतीलच असं नाही. साटा एसएसडी ५५० च्या आसपास देते, तिथे प्रश्न नाही. डिस्क दमलेली असताना तारा वाढवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

डिस्कला मध्ये न घेता मोजायचं साधन आयपर्फ३. एका मशीनवर ते ऐकायला बसवा, दुसऱ्यावरून आधी एकच प्रवाह सोडा. ९४० मेगाबिटच्या आसपास येईल. मग समांतर आठ प्रवाह सोडा. बेरीज १८०० च्या वर गेली तर हॅश काम करतोय. ९४० लाच थांबली तर कुठेतरी अजून मॅकवर किंवा आयपीवरच वाटप चालू आहे. मग दिशा उलटी करून पुन्हा मोजा. एका दिशेला १८०० आणि दुसरीला ९४० आले की त्या दुसऱ्या दिशेने पाठवणाऱ्या मशीनचा हॅश आधी तपासा. दोन्ही मशीनवर लेअर३+४ असूनही दोन्ही दिशांना ९४०च आले की स्विच पकडला गेला म्हणून समजा. त्याच वेळी प्रत्येक कार्डाचा बाइटांचा मोजक बघत राहा. बेरजेपेक्षा तो जास्त खरं बोलतो.

बॉन्डची स्वतःची अवस्थाही एकदा वाचून घ्या. लिनक्स ती प्रोक डिरेक्टरीत, नेटखालच्या बॉन्डिंगमध्ये एका फाइलीत ठेवतं. तिथे मी दोनच गोष्टी बघतो. दोन्ही कार्डांचा अॅग्रिगेटर क्रमांक एकच आहे का. वेगळा असेल तर ती दोन जोडलेलीच नाहीत, एक नुसतं बसून आहे. आणि पलीकडच्या भागीदाराचा मॅक पत्ता सगळा शून्य तर नाही ना. शून्य असेल तर स्विच एलएसीपी बोलतच नाही, बहुधा तिथे स्थिर जोडणी लावलेली आहे. एका बाजूला स्थिर आणि दुसऱ्या बाजूला एलएसीपी ही जोडी सगळ्यात वाईट, कारण ती कधी अर्धवट चालते आणि मग पॅकेटं अधूनमधून नाहीशी होतात. एक कार्ड गिगाबिट आणि एक १०० मेगाबिटवर उतरलेलं असेल (एखादी वाकलेली पिन पुरते) तरीही दोघं एका अॅग्रिगेटरमध्ये येत नाहीत.

एलएसीपीची गतीही बदला. मुळात ती मंद असते: दर ३० सेकंदांनी एक हाक, आणि तीन हाका चुकल्या की, म्हणजे ९० सेकंदांनी, तार मेली असं मानायचं. जलद केली की हाक दर सेकंदाला आणि निकाल तीन सेकंदांत. तार सरळ तुटली तर ते कार्डालाच लगेच कळतं, त्यासाठी एमआयआयमॉन (तार जिवंत आहे का ते किती वेळाने बघायचं ही सेटिंग) १०० मिलिसेकंदांवर ठेवा. पण तार जिवंत आणि पलीकडचा मेलेला असा प्रसंग आला की ही जलद हाकच वाचवते.

खूप जुन्या मशीनवर हा प्रयोग करणाऱ्यांसाठी एक ओळ: साध्या पीसीआय खाचांत दोन गिगाबिट कार्डं लावून काही मिळत नाही, तो ३२ बिट आणि ३३ मेगाहर्ट्‌झचा पूर्ण रस्ताच १३३ मेगाबाइटचा आहे आणि तो सगळी कार्डं मिळून वापरतात.

दोन वेगळ्या कंपन्यांची इंटरनेट जोडणी अशीच जोडून दुप्पट करता येईल का, हेही या प्रश्नाच्या पाठोपाठ नेहमी येतं. बॉन्डिंगने नाही. दोन जोडण्यांचे बाहेरचे पत्ते वेगळे, त्यामुळे पलीकडच्या सर्व्हरला ती दोन वेगळी मशीन दिसतात. मल्टिपाथ टीसीपी हे करू शकतं, २०२० च्या ५.६ कर्नलपासून ते लिनक्समध्ये यायला लागलं, पण ते दोन्ही टोकांना लागतं.

आता तुमच्या मांडणीत मी काय केलं असतं ते. स्विचच्या सेटिंगमध्ये लिंक जोडणीच्या वाटपाची पद्धत शोधा. तिथे टीसीपी पोर्टांचा समावेश करता येत असेल तर तो करा, दोन्ही मशीनवर लेअर३+४ लावा, सगळे एनएफएस माउंट काढून एनकनेक्ट ८ सह पुन्हा माउंट करा, आणि मोठी फाइल कॉपी करून बघा. स्विच फक्त मॅक किंवा आयपी ओळखत असेल तर त्याला मधून काढा. दोन्ही केबली मशीन ते मशीन थेट लावा. दोन्ही टोकांना लिनक्स आहे, ती एकमेकांशी एलएसीपी व्यवस्थित बोलतात. बाकी नेटवर्कसाठी प्रत्येक मशीनमध्ये एक तिसरं पोर्ट लागेल. थेट जोडणीला स्वतंत्र सबनेट द्या, उदाहरणार्थ १०.१०.१०.१ आणि १०.१०.१०.२, आणि माउंट करताना सर्व्हरचं नाव न लिहिता हा नवा पत्ता लिहा. नावाने माउंट केलंत तर ते जुन्याच पत्त्याकडे जाईल, सगळी कॉपी तिसऱ्या पोर्टावरून निघेल आणि आकडा पुन्हा ११२ दिसेल.

ते तिसरं पोर्ट विकत घ्यावं लागणार असेल, तर मात्र २.५ गिगाबिटची दोन कार्डं घ्या आणि त्यांच्यात एक केबल टाका.